मैदानाची किल्ली कुणाकडे?

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात एका क्रीडाशिक्षिकेने केलेलं भाषण)



काल इथे संविधानावर बोलणं झालं, आज सकाळी शिष्यवृत्त्यांवर झालं. आणि आता ही खेळाची टीचर गवतावर काय सांगणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. मी अठरा वर्षं एका उर्दू हायस्कूलमध्ये खेळ शिकवते. गेल्या वर्षभरात आमच्या गावात ज्या विषयावरून सगळ्यात जास्त भांडणं झाली, तो विषय होता मैदान. भाऊ भावाशी बोलेनासा झाला, इतपत. म्हणून तोच विषय घेऊन आले आहे.

आमचं गाव मराठवाड्यात, तालुक्याचं. ईदगाहला लागून नगरपरिषदेचं एक मोठं मैदान आहे. त्याला ‘ग्राउंड’ म्हणतात, बाकी काही नाव नाही. जून ते ऑक्टोबर तिथे हरळी हिरवीगार असते. डिसेंबरपासून पिवळी पडते आणि मार्चनंतर मुरूम वर येतो, धूळ उडते. म्हणजे टीव्हीवर दिसतं तसं हे गवताचं मैदान नाही, हे आधीच सांगते. पण त्या मैदानाचा दिवस कसा जातो ते ऐका.

फजरनंतर म्हातारी माणसं चालायला येतात. कडेकडेने काही बायकाही चालतात. त्याच वेळी पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. त्यांना अकादमी परवडत नाही, चुन्याने आखलेली आमची फेरी हीच त्यांची अकादमी. दुपारी शेळ्या चरतात. चारनंतर एका वेळी पाच-सहा क्रिकेटचे सामने चालतात. एकाचा फिल्डर दुसऱ्याच्या पिचवर उभा असतो आणि तरी कुणाचा चेंडू कुणाचा हे सगळ्यांना कळतं. एका कोपऱ्यात फुटबॉल. दोन्ही ईदला ईदगाह भरली की नमाजाच्या रांगा मैदानात येतात. यातल्या कुणालाही आत येताना कुणाला विचारावं लागत नाही.

मागच्या वर्षी प्रस्ताव आला की या मैदानावर टर्फ टाकायचं. चारही बाजूंनी जाळी, वरून जाळी, उंच दिवे. एका ठेकेदाराला काही वर्षांसाठी चालवायला द्यायचं. नगरपरिषदेला भाडं मिळेल, गावाला ‘स्टेडियम’ मिळेल.

त्यावर मोहल्ल्याची बैठक झाली. एक चाचा म्हणाले, जाळी लागली तर ईदच्या नमाजाचं काय? मागून एक पोरगा म्हणाला, चाचा, टर्फवर गुडघे कमी दुखतील. सगळे हसले. शेवटी हात वर करायची वेळ आली तेव्हा मी टर्फच्या बाजूने हात वर केला.

का केला ते सांगते, कारण आज मी दुसऱ्या बाजूने बोलणार आहे आणि ते कारण तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही.

माझ्या शाळेत मुलींची फुटबॉल टीम आहे. चौदा मुली. बैठकीच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, टीचर, टर्फ होऊ द्या. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, तिथे जाळी असते. तासाचं बुकिंग असतं, त्या तासात दुसरं कुणी आत येत नाही. दिवे असतात. अम्मी पाठवेल. आता आम्ही कोपऱ्यात खेळतो, मुलांचा चेंडू आला की ते आमच्यातून धावत जातात, कुणी मोबाइल काढतं, कुणी शेरा मारतं, आणि घरी कळलं की दुसऱ्या दिवशी एक मुलगी कमी होते.

हे सगळं खरं आहे. ज्या मैदानाला मी आत्ता ‘सगळ्यांचं’ म्हटलं, ते माझ्या मुलींचं फक्त कोपऱ्यापुरतं होतं. म्हणून मी हात वर केला.

नंतर माझं मत कशाने बदललं? पहिली गोष्ट, माझे मामू. ते हॉकीवाले. त्यांच्या तरुणपणी आमच्या भागातल्या अनेक शाळांत हॉकी होती. बैठकीचं ऐकून ते म्हणाले, बेटा, हे आम्ही एकदा पाहिलंय.

१९७५ साली क्वालालंपूरला भारताने हॉकीचा विश्वचषक जिंकला. उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध आपण हरत होतो, तेव्हा बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या भोपाळच्या अस्लम शेर खान यांनी पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. अंतिम सामन्यात पाकिस्तानला २-१ ने हरवलं. हे सगळं गवतावर. पुढच्याच वर्षी, १९७६ ला, माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळवली गेली. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पदक आणणारा भारत तिथे सातवा आला. १९८० ला मॉस्कोत सुवर्ण मिळालं, मोहम्मद शाहिद आणि जफर इक्बाल त्या संघात होते, पण बरेच बलाढ्य देश तिथे आलेच नव्हते. त्यानंतरचं ऑलिंपिक पदक थेट टोकियोत, २०२१ मध्ये. एकेचाळीस वर्षांनी.

आता सगळा दोष टर्फवर टाकणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. पाकिस्तानही गवतावरच वाढलेला संघ होता आणि त्याने १९८४ चं ऑलिंपिक सुवर्ण टर्फवर जिंकलं. निवड, प्रशिक्षण, संघटनेतलं राजकारण, आपल्याकडे बाकी कारणंही होती. पण मामू पदकांबद्दल बोलतच नव्हते. ते म्हणाले, गवतावर हॉकी खेळायला एक स्टिक आणि एक चेंडू पुरत होता. टर्फ आलं तेव्हा खेळ तिकडे गेला जिथे टर्फ होतं. टर्फ टाकायला पैसा लागायचा, वर ते खेळण्याआधी पाण्याने भिजवावं लागायचं. आमच्या शाळांकडे दोन्ही नव्हतं. कुणी आम्हाला हॉकी सोडा म्हटलं नाही, बेटा. आपोआप सुटली.

हे ऐकून मी विचार करू लागले की आमच्या ग्राउंडवर आपोआप कोण सुटेल?

दुसरी गोष्ट एप्रिलमध्ये घडली. एका स्पर्धेसाठी मी मुलींना जिल्ह्याच्या गावी घेऊन गेले. तिथलं टर्फ तासावर भाड्याने मिळतं. संध्याकाळचा दर तासाला हजाराच्या पुढे, दुपारचा त्याच्या निम्मा. आमची ऐपत दुपारची. अडीच वाजता आम्ही आत गेलो. वीस मिनिटांत मुली बुटांतून पाय काढून हातात धरून बसल्या. तळव्यांना चटके बसत होते. गोलकीपर खाली पडली तर कोपराची साल निघाली. आम्ही भरलेल्या तासातला अर्धा तास सावलीत काढला.

परत आल्यावर मी वाचायला लागले. आधी हे टर्फ म्हणजे काय ते समजून घेऊ. खाली खडी आणि निचऱ्याचा थर, त्यावर प्लास्टिकच्या पात्यांची चटई, पात्यांच्या मध्ये वाळू, आणि फुटबॉलच्या मैदानात बहुधा जुन्या टायरांचा भुसा. पूर्ण मैदानाला हजारो टायरांचा भुसा लागतो. छोट्या क्रिकेट टर्फमध्ये वाळू जास्त असते. गवत पानांतून पाण्याची वाफ सोडतं आणि त्यामुळे स्वतःला थंड ठेवतं. प्लास्टिकला ते जमत नाही, ते ऊन फक्त साठवतं. अमेरिकेत यूटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ मध्ये आपलं टर्फ मोजलं. हवा सुमारे ३७ अंश असताना टर्फचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेल्याची नोंद तिथे झाली. पाणी मारलं की थंड व्हायचं आणि वीस मिनिटांत पुन्हा ७० च्या पुढे. आमच्याकडे मे महिन्यात हवा ४२ ला असते आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं.

प्लास्टिकच्या आयुष्याचाही प्रश्न आहे. चटई साधारण आठ-दहा वर्षांत बदलावी लागते. जुनी चटई कुठे टाकायची, याचं उत्तर प्रस्तावात नव्हतं. मधला भुसा पावसाने, बुटांनी बाहेर जातो, नालीत, नदीत. युरोपात अशा मैदानांतून वर्षाला अंदाजे १६,००० टन प्लास्टिकचे बारीक कण निसर्गात जातात, असा तिथल्या रसायन संस्थेचा हिशेब आहे. म्हणून युरोपियन युनियनने २०२३ मध्ये नियम केला की आठ वर्षांच्या मुदतीनंतर असा भुसा विकता येणार नाही. बोस्टन शहराने २०२२ मध्ये ठरवलं की शहराच्या बागा-मैदानांत नवं कृत्रिम टर्फ टाकायचं नाही. त्यांची काळजी होती पीएफएएस नावाच्या रसायनांची, जी एकदा मातीपाण्यात गेली की नाहीशी होत नाहीत.

इथे एक गोष्ट नीट सांगते, कारण आपल्या व्हॉट्सअॅपवर लगेच ‘टर्फने कॅन्सर होतो’ असं फिरायला लागतं. टायरच्या भुशात घातक रसायनं असतात हे खरं. पण अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने केलेल्या मोठ्या अभ्यासात, खेळणाऱ्याच्या शरीरात त्यातलं जाणारं प्रमाण मर्यादित असावं असं आढळलं. म्हणून मी कॅन्सरचं नाव घेऊन कुणाला घाबरवणार नाही. आपली बाजू मजबूत असेल तर वाढवून सांगायची गरज पडत नाही, आणि वाढवून सांगितलेलं एक वाक्य पकडलं गेलं की उरलेली नऊ खरी वाक्यंही जातात.

आणि टर्फच्या बाजूचं जे खरं आहे तेही मान्य करू. गवताला विश्रांती लागते. रोज दहा तास तुडवलं तर ते मरतं, टर्फ मरत नाही. पावसाळ्यात आमच्या ग्राउंडवर चिखल होतो आणि आठ-आठ दिवस खेळ बंद पडतो. उन्हाळ्यात गवताला पाणी देणं आमच्या गावात गुन्हा वाटावं अशी स्थिती असते. टर्फ मागणारी मुलं मूर्ख नाहीत. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे दोन इमारतींच्या मध्ये जेमतेम जागा आहे, तिथे छोटं टर्फ हाच एक खेळ उरतो, हेही मला माहीत आहे. माझा प्रश्न आमच्या ग्राउंडपुरता आहे, आणि तुमच्या गावात असं ग्राउंड असेल तर त्यापुरता.

मग माझ्या मुलींचं काय? हाच प्रश्न मला सगळ्यात अवघड गेला. त्या वेळी मी वाचलं की २०१५ चा महिलांचा फुटबॉल विश्वचषक कॅनडात झाला आणि सगळे सामने कृत्रिम टर्फवर झाले. पुरुषांचा विश्वचषक असा कधीच झाला नव्हता. जगातल्या नामांकित महिला खेळाडूंनी आदल्या वर्षी ओंटारिओच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे तक्रार केली की हा भेदभाव आहे. पुढे त्यांनी तक्रार मागे घेतली, सामने टर्फवरच झाले. पण त्यानंतरचे महिलांचे दोन्ही विश्वचषक, २०१९ आणि २०२३ चे, गवतावर झाले.

हे मी मुलींना सांगितलं. म्हटलं, जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडू गवत मागतात आणि तुम्ही टर्फ मागता, असं का? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमची गोलकीपर म्हणाली, टीचर, त्यांना कुणी मैदानातून हाकलत नाही ना.

मी त्यांना कागद दिला आणि म्हटलं, टर्फ हा शब्द न वापरता तुम्हाला काय हवं ते लिहा. त्यांनी लिहिलं: आमची ठरलेली वेळ. त्या वेळेत अर्धं मैदान आमचं. अंधार पडला तर दिवा. बंद दाराचं स्वच्छतागृह. पिण्याचं पाणी. कुणी त्रास दिला तर ज्याला सांगता येईल असा एक माणूस, बाई असेल तर बरं.

यातल्या एकाही गोष्टीला प्लास्टिकची चटई लागत नाही. या सगळ्या गोष्टी नगरपरिषदेने आणि मोहल्ल्याने मुलींना वीस वर्षांपूर्वीच द्यायला हव्या होत्या. दिल्या नाहीत, म्हणून कुणीतरी तासाच्या भाड्यात बांधून त्या विकायला आला, आणि आम्हाला वाटलं टर्फच हवं. आणि गंमत बघा, जिल्ह्याच्या गावी मुलींना संध्याकाळचा तास परवडला नव्हता. जाळीच्या आत सुरक्षित होतं, पण पैसे संपले की आम्ही जाळीच्या बाहेर. त्या दिवशी बाहेर आणखी दहा-बारा मुलं जाळीला बोटं अडकवून आतला खेळ बघत उभी होती. ती मुलं कुठे खेळतात, मी विचारलं. म्हणाली, पहिले यहीं खेलते थे.

भरतीची तयारी करणारी मुलंही मला आठवली. टर्फवर सोळाशे मीटरची फेरी नसते. पहाटे चालणाऱ्या बायका तासाला हजार रुपये देणार नाहीत.

मग आम्ही नगरपरिषदेला काय दिलं? नुसता विरोध दिला नाही, दुसरा आराखडा दिला. मैदान मधोमध थोडं उंच करून कडांकडे उतार द्यायचा आणि कडेने चर काढायचे, म्हणजे पाणी साचणार नाही. वरच्या मातीत वाळू आणि शेणखत मिसळायचं. जूनच्या पहिल्या पावसानंतर हरळीच लावायची. ती आपल्या मातीतली आहे, उन्हाळ्यात वाळते आणि पाऊस पडला की मुळांतून पुन्हा फुटते, तिला मे महिन्यात पाणी पाजायची गरज नाही. क्रिकेटची खेळपट्टी दर काही आठवड्यांनी सरकवायची. पावसाळ्यात जोर धरेपर्यंत अर्धं मैदान आलटून पालटून बंद ठेवायचं. कडेने धावण्याची फेरी, दोन दिवे, स्वच्छतागृह, नळ. आणि वेळापत्रक, ज्यात मुलींची वेळ फळ्यावर लिहिलेली असेल. हे केलं तरी पावसाळ्यात चार दिवस खेळ बंद राहील आणि मे महिन्यात धूळ उडेलच. ते आम्ही आराखड्यात लिहून टाकलं.

त्यासोबत माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. प्रश्न साधे होते. अंदाजपत्रक किती? ठेका किती वर्षांचा? तासाचा दर कोण ठरवणार? रोज किती तास मैदान फुकट खुलं राहील? शाळांना, मुलींना कोणत्या वेळा? दहा वर्षांनी चटई बदलायचा खर्च कुणाचा आणि जुनी चटई कुठे जाणार? दोन्ही ईदला जाळी उघडणार का? उत्तर आलं तेव्हा कळलं की फुकट तासांबद्दल करारात एक ओळही नव्हती. टर्फच्या बाजूने हात वर केलेल्या बऱ्याच लोकांना तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण काय मान्य करत होतो ते आपल्यालाच माहीत नव्हतं. मलाही तसंच वाटलं.

निकाल अजून लागलेला नाही. ठराव पुढच्या सभेसाठी ठेवला आहे. कदाचित टर्फ होईल. झालंच, तर एका कोपऱ्यात व्हावं आणि करारात फुकट तास लिहिलेले असावेत, यासाठी आम्ही बसू. पण एक गोष्ट निकालाची वाट न बघता झाली. मुलींची वेळ ठरली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार ते साडेपाच, ईदगाहकडचं अर्धं मैदान. हे नगरपरिषदेने केलं नाही. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना बोलावून आम्ही समोरासमोर बसलो आणि ठरवलं. पहिल्या आठवड्यात दोनदा भांडण झालं. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यातलाच एक मुलगा लहान पोरांना हाकत होता, उधर जाओ, अभी इनका टाइम है. चौदाच्या आता एकोणीस मुली झाल्या आहेत. हे आधी का नाही केलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही कुणी एकमेकांना विचारलंच नव्हतं.

तुम्ही आपापल्या गावी परत जाल तेव्हा एवढं करा. तुमच्या मोहल्ल्याच्या मैदानावर एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत थांबा आणि कोण कोण येतं ते वहीत लिहा. कोण येत नाही तेही लिहा, आणि त्यांच्या घरी जाऊन का येत नाही ते विचारा. मैदानाचा कुठलाही प्रस्ताव आला, गवताचा असो की टर्फचा, तर ती वही घेऊन बैठकीला जा. आणि तिथे पहिला प्रश्न हा विचारा की मैदानाला दार बसणार असेल, तर त्याची किल्ली कुणाकडे राहणार आहे.